आधीं पाट, मग पाहुणा

२०२४ सालच्या दिवाळीस आठ दिवस उरले असतां मीं एक चूक केली, आणि ती माझ्या नातवानें दोन दिवस आपल्या माथीं घेतली. चूक संगणकाच्या प्रोसेसरची होती. ज्यानें तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, ज्याचें इंग्रजी शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुढें गेलें नाहीं, आणि फोनवर अक्षरें उमटवितांना ज्याची अजूनहि एक तर्जनीच काय ती चालते, अशा माणसानें या विषयावर लेखणी उचलावी हें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत हा प्रसंग हल्लीं वारंवार येऊं लागला आहे. मुलें मागतात, वडील माणसें पैसे देतात, आणि काय घेतलें हें दोहोंपैकीं एकाच पक्षास कळतें. तेव्हां माझी फजिती सांगून टाकण्यास हरकत नाहीं.

आमचें घर वसई गांवांत, पारनाक्यापासून पांच मिनिटांच्या वाटेवर आहे. मी व माझे धाकटे बंधु, आम्हां दोघांचीं कुटुंबें, माझा मुलगा, सूनबाई आणि नातू अशीं आम्ही सर्व माणसें एका चुलीवर जेवतों. माजघरांत खिडकीखालीं संगणक आहे. तो २०१९ सालीं, नातू सहावींत असतांना घेतला. "हें खेळणें कशाला?" असें त्या वेळीं बंधु म्हणाले होते. पुढल्याच वर्षीं टाळेबंदी आली, शाळा त्या पडद्यावर भरूं लागली, आणि बंधूंनींच माडीवरचें शिसवी टेबल त्या यंत्रासाठीं खालीं आणविलें.

२०२४ सालीं नातू अकरावींत गेला. रात्रीं जेवणापूर्वीं दीड तास खेळावयाचें, परीक्षेच्या महिन्यांत तेंहि नाहीं, असा नियम त्याच्या आईनें घातला आहे व तो पाळतो. या खेळांविषयीं मला मोठेंसें प्रेम नाहीं; त्यांतील बंदुकांच्या आवाजानें आमच्या सौ.च्या जपाची मोजदाद चुकते. पण माझे वडील दिवाळीच्या सर्व रात्री सोंगट्या खेळत, आणि पहांटे अभ्यंगस्नानासाठीं त्यांना पटावरून उठवावें लागे, हें मीं पाहिलेलें आहे. त्यांचे फांसे हस्तिदंती होते एवढ्यावरून तो खेळ पवित्र होता असें मला म्हणवत नाहीं.

नातवाच्या मामांनीं आपलें वापरलेलें चित्रें रंगविण्याचें कार्ड, रेडिऑन आरएक्स ६६००, पुण्याहून त्याला पाठविलें. इतकें चांगलें कार्ड येऊनहि खेळ अडखळतच राहिला. मीं कारण विचारलें. तो म्हणाला, "आबा, प्रोसेसर पुरा पडत नाहीं. कार्ड रिकामें बसून राहतें." कार्ड रिकामें कसें बसतें हें मला समजेना. तेव्हां त्यानें सांगितलें, कीं सिनेमांत सेकंदाला चोवीस चित्रें पुढें सरकतात, पण तीं आधींच काढून ठेवलेलीं असतात. खेळांतील प्रत्येक चित्र त्याच क्षणीं नव्यानें करावें लागतें, कारण खेळणारा कोणीकडे वळेल हें कोणास ठाऊक नसतें. कोण कोठें उभा आहे, गोळी कोणास लागली, दार उघडें कीं बंद, हा सर्व हिशेब प्रोसेसर करतो आणि 'आतां असें चित्र काढ' म्हणून कार्डास आज्ञा देतो. कार्डाचें काम रंगविण्याचें. माझ्या डोळ्यांपुढें लग्नघर आलें. भाजी चिरणारीं माणसें मंद असलीं तर आचारी कितीहि तरबेज असो, चुलाण्यापाशीं हात बांधून बसणार. आमच्या यंत्रांतील भाजी चिरणारा म्हणजे रायझन ३ २२००जी. २०१८ सालचा, चार हातांचा, आणि आतां दमलेला. इतकें सर्व सांगूनहि पैशाचा शब्द नातवानें काढला नाहीं.

न मागतां द्यावें व मुलास चकित करावें असें मला वाटलें. निवृत्तिवेतन नुकतेंच जमा झालें होतें. स्टेशनजवळच्या एका दुकानांत जाऊन "खेळासाठीं चांगला प्रोसेसर द्या," म्हणून मीं सांगितलें. दुकानदार तरुण होता, पण सरळ. त्यानें पहिलाच प्रश्न केला, "काका, बोर्ड कोणता आहे?" येथें 'मला ठाऊक नाहीं, घरीं विचारून येतों' एवढेंच म्हणावयाचें होतें. पण दुसऱ्यास प्रश्न विचारण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास हें वाक्य फार जड जातें. "चांगल्या कंपनीचा आहे," मी म्हणालों. त्यानें इंटेलचा आय-५ १२४००एफ पुढें केला. आय-५ हें नांव मीं ऐकलेलें होतें. साडेअकरा हजार रुपये मोजले, आणि आंत खरी वस्तु आहे ना हें पाहण्यासाठीं तेथल्या तेथें पेटीचें सील फोडविलें. त्या वेळीं मला हें व्यवहारचातुर्य वाटलें. पुढें माल परत घेण्यास दुकानदारानें नकार दिला तो याच सीलामुळें, आणि त्याला दोष देण्यास मजपाशीं तोंड नव्हतें.

दिवाळीपर्यंत धीर निघाला नाहीं. त्याच रात्रीं पेटी नातवाच्या हातीं दिली. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, आणि लगेच तो हंसून म्हणाला, "वा, आबा! केवढ्याला हो?" किंमत ऐकून मात्र तो गप्प झाला. मग त्यानें यंत्राची बाजूची फळी काढून, जुना प्रोसेसर अलगद उचलून मला दाखविला. त्याच्या पोटाखालीं केंसासारख्या बारीक सोनेरी पायांची दाटी होती. त्या जातीच्या प्रोसेसरला असे १३३१ पाय असतात, आणि बोर्डावरच्या चौकटींत तितकींच छिद्रें. मीं आणलेल्या प्रोसेसरला पायच नव्हते. त्याच्या पोटाला नुसते सपाट सोनेरी ठिपके. त्याच्या जातीच्या बोर्डावर छिद्रांऐवजीं १७०० बारीक स्प्रिंगा असतात, त्या या ठिपक्यांना टेकतात. हीं दोन निरनिराळीं घराणीं आहेत. इंटेल ही कंपनी १९६८ सालीं निघाली, एएमडी १९६९ सालीं, दोन्ही अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत; पण आज एकीचा पाहुणा दुसरीच्या पाटावर बसूं शकत नाहीं. बसविण्याचा आग्रह केला तर पाटहि मोडेल आणि पाहुणाहि. "याला वेगळा बोर्ड लागतो, आबा," नातू हळूच म्हणाला. "पाहूं काय करतां येतें तें."

मला त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. पैशाचें दुःख होतेंच, पण तें मुख्य नव्हतें. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत वाक्याचा अर्थ कळण्यास तीन गोष्टी लागतात असें सांगितलें आहे: आकांक्षा, योग्यता आणि संनिधि. मी पाठशाळेंत शिकलों तेव्हां हें पाठ केलें, आणि नंतर वर्षानुवर्षें मुलांना समजाविलें. 'अग्नीनें शिंपतो' हें वाक्य व्याकरणानें शुद्ध आहे. अग्नि हा शब्द थोर, शिंपणें ही क्रिया चांगली. पण अग्नीच्या ठिकाणीं शिंपण्याची योग्यता नाहीं, म्हणून वाक्य निरर्थक. योग्यता म्हणजे मोठेपणा नव्हे, अन्वय होण्याची लायकी, हें मीं फळ्यावर लिहून दाखविलें असेल त्याची गणती नाहीं. आणि दुकानांत उभा राहून मीं साडेअकरा हजारांना अग्नीनें शिंपलें.

दुसऱ्या दिवसापासून घरांत कांहीं तरी बिनसलें आहे असें वाटूं लागलें. बंधु नातवाशीं बोलत नव्हते. सायंकाळीं ओटीवर ते मला म्हणाले, "दादा, तुम्हीं पोराचे फार लाड केलेत. हट्टानें नांव सांगावयाचें, आणि तेंहि चुकीचें! आतां घेतलाच आहे, तर त्याच्या मापाचा बोर्ड आणून टाका. निदान वस्तु वायां जाणार नाहीं." पहिला भाग मला उमगला नाहीं, दुसऱ्याचा मात्र मोह पडला. तसें करणें शक्य होतें. त्या प्रोसेसरला चालणारे, आणि आमची जुनी डीडीआर ४ जातीची स्मृति घेणारे बोर्ड बाजारांत मिळत होते. नवा बोर्ड घेतला कीं माझी चूक चूक राहणार नव्हती. ती नव्या बेताची सुरुवात ठरली असती. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली तेव्हां येथील चर्चांच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच म्हणून प्रसिद्ध आहे, आणि मेणवलीस तर घाटावर घंटेसाठीं स्वतंत्र दगडी घर बांधलेलें आहे. घंटा आधीं आली, घर मागाहून झालें. आमच्या गांवच्या माणसास हा विचार सुचावा हें साहजिकच. पण त्या घंटा पराक्रमानें मिळालेल्या होत्या. माझा प्रोसेसर अज्ञानानें.

'हट्टानें नांव सांगितलें' या शब्दांचा उलगडा सूनबाईंनीं केला. मीं विचारल्यावर त्या आधीं संकोचल्या. मग म्हणाल्या, "बाबा, तो आम्हांला म्हणाला, मींच आबांना चुकीचें नांव लिहून दिलें. तुम्हांला सांगूं नका म्हणाला." मीं कांहीं बोललों नाहीं. मुलानें माझा शब्द घरांत खालीं पडूं नये म्हणून दोन दिवस चुलतआजोबांचा अबोला सोसला होता. शाळेंत असतांना खोटें बोलणाऱ्या मुलास मी बाकावर उभा करीत असें. या खोट्याला कोणती शिक्षा द्यावी हें मला सुचेना.

त्या रात्रीं पानें वाढून झाल्यावर मीं सर्वांसमक्ष खरें काय तें सांगितलें: कीं मला कोणीं नांव लिहून दिलें नव्हतें, दुकानदारानें बोर्ड विचारला होता, आणि मीं 'चांगल्या कंपनीचा' असें उत्तर दिलें. मुलगा हंसला. सौ.नीं "हें आमचें नेहमींचेंच," असा शेरा मारला. नातू मान खालीं घालून ताकभात कालवीत होता. बंधु बराच वेळ बोलले नाहींत. मग उठून आंत गेले, तुपाचें भांडें आणलें, आणि ताकभात असतांहि त्याच्या पानांत आपल्या हातानें तूप वाढलें. आमच्या घरांत क्षमा अशीच मागतात.

त्यानंतर मीं ठरविलें कीं आतां या बाबतींत नातू गुरु व मी शिष्य. त्यानें वहीच्या पानावर हिशेब मांडून दाखविला. सगळें नवें घ्यावयाचें तर एएमडीची नवी बैठक, एएम-५, ही २०२२ च्या सप्टेंबरांत आली होती; कंपनीनें ती २०२७ पर्यंत व पुढेंहि चालविण्याचें जाहीर केलें होतें, म्हणजे पुढील प्रोसेसर त्याच पाटावर बसतील. पण तिला डीडीआर ५ स्मृति लागते. जुन्या पट्ट्यांची खांच निराळी, त्या तेथें शिरतच नाहींत. म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, स्मृति, तिन्ही नवीं. इंटेलच्या वाटेनें गेलें तर माझा प्रोसेसर कामीं येई; पण त्याची १७०० ठिपक्यांची बैठक बारावी, तेरावी व चौदावी अशा तीन पिढ्या चालून संपत आली होती, आणि त्याच ऑक्टोबरांत इंटेलनें पुढील पिढीसाठीं वेगळी बैठक बाजारांत आणली होती. तिसरी वाट जुन्या बोर्डाची. आमचा बोर्ड बी-४५० जातीचा, २०१८ साली निघालेला. त्यावर रायझनची ५००० ही पिढी चालते, आणि त्याची एक हकीकतच आहे. २०२० सालीं कंपनीनें ही पिढी या जुन्या बोर्डांवर चालणार नाहीं असें सांगितलें होतें. गिऱ्हाइकांनीं जगभर ओरड केली, आणि त्याच मे महिन्यांत कंपनीनें शब्द फिरविला. आमच्यासारख्यांचा पाट वांचला तो या ओरडीमुळें.

नातवाचा कौल जुन्या बोर्डाला. माझा प्रोसेसर विकावयाचा, आणि रायझन ५ ५६०० घ्यावयाचा. त्यानें तो नालासोपाऱ्याच्या एका ओळखीच्या मुलाच्या भावास साडेआठ हजारांना दिला. तीन हजार बुडाले. त्यानें हिशेबांत ही रक्कम वेगळी लिहिली नाहीं, म्हणून मीं स्वतः लिहावयास लावली.

आम्ही दोघे रविवार टाळून मुंबईस गेलों. वसई रोडहून निघाल्यावर नायगांव संपतें, खाडीवरचा पूल लागतो, मध्यें पाणजू बेट दिसतें. तेथपर्यंत मीं त्याला विचारून घेतलें, कीं याहून वरचा प्रोसेसर असतां हाच कां. तो म्हणाला, या बोर्डावर ५७००एक्स३डी नांवाचा एक बसतो, खेळाला तो फार सरस, कारण त्याच्या पोटांतच जवळची स्मृति पुष्कळ. हें प्रकरण मला विशेष आवडलें. प्रोसेसरला लागणारी माहिती मोठ्या स्मृतींत असते, पण ती जागा त्याच्या मानानें फार दूर. म्हणून वारंवार लागणारें तो आपल्याजवळच्या छोट्या सांठ्यांत ठेवतो. सूनबाईंना प्रत्येक फोडणीला कोठीघरांत जावें लागलें तर स्वयंपाक दुपारीं दोनला होईल; ओट्यावर मिसळणाचा डबा असतो म्हणून तो अकराला होतो. आमच्या जुन्या प्रोसेसरच्या त्या डब्यांत ४ एमबी मावत, ५६०० मध्यें ३२, आणि त्या एक्स३डींत ९६. एक शब्द सकाळीं व दुसरा सायंकाळीं उच्चारला तर वाक्य होत नाहीं, यालाच आमच्या शास्त्रांत संनिधीचा अभाव म्हणतात. "मग तोच घे कीं," मी म्हणालों. मला भरपाई करावयाची होती. "दुप्पट पैसे पडतात, आबा. आपला पडदा सेकंदाला पंचाहत्तरच चित्रें दाखवितो. त्याहून जास्त केलीं तर तीं कोण पाहणार?" दादरला गाडी बदलतांना मीं त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली, ती त्यानें पुन्हां काढून घेतली.

ग्रँट रोडला उतरून आम्ही डॉ. भडकमकर मार्गावर आलों. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव पाटीवरून गेलें तरी तोंडांतून गेलेलें नाहीं. सर्वजण लॅमिंग्टन रोडच म्हणतात. तेथें फूटपाथवर तारा, गाळ्यांत बोर्ड, माडीवर दुरुस्ती, आणि दर चार पावलांवर "काय पाहिजे, साहेब?" याच मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० सालीं टिफ्रॅक नांवाचा संगणक उभा केला, त्याची स्मृति २,०४८ शब्दांची होती. नातवानें त्या दिवशीं स्मृतीची जी एक जास्तीची पट्टी घेतली ती ८ जीबीची, बोटाएवढ्या रुंदीची. पट्टी एक मोठी घेण्यापेक्षां दोन सारख्या असाव्या, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही हातांनीं घागरी भरतां येतात, असें त्यानें सांगितलें. प्रोसेसर नऊ हजार चारशेंना मिळाला. दुकानदारानें "बोर्ड कोणता?" म्हणून विचारलें. नातवानें माझ्याकडे पाहिलें, आणि उत्तर मीं दिलें: "बी-४५०. एएम-४."

आतां राहिली आकांक्षा. पाट मापाचा असला तरी यजमानास पाहुण्याची ओळख पाहिजे. बोर्डाच्या पोटांत बायॉस म्हणून एक मूळची संहिता असते. आमची २०१९ सालची, तिला २०२२ सालीं जन्मलेल्या ५६०० चें नांवहि ठाऊक नव्हतें. ती नवी करावी लागते, आणि जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच करावी लागते. नवा बसवून मग करूं म्हटलें तर यंत्र उघडणारच नाहीं. शिवाय तें चाललें असतां वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होण्याचें भय. वसईच्या विजेची कीर्ति येथील वाचकांस सांगावयास नको. शेजाऱ्यांकडून बॅटरीची पेटी उसनी आणली. मिक्सर, गिझर, इस्त्री बंद. सौ.नीं जप थांबविला नाहीं, पण दिवा लावला. नातवानें बोर्डाचें पूर्ण नांव तीनदां ताडून फाईल पेनड्राइव्हवर घातली होती. तरीहि पडद्यावरची पट्टी शेंकडा चाळीसवर थबकली तेव्हां आम्ही सर्व उभेच राहिलों. बंधु हातांत टॉर्च घेऊन होते, दिवे चालू असतां. चार मिनिटांनीं यंत्र आपण होऊन बंद झालें, पुन्हां सुरू झालें, आणि त्यानें नमस्कार केल्यासारखा आपला नवा आंकडा दाखविला.

मग जुना प्रोसेसर निघाला. नव्याच्या कोंपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण चौकटीवरच्या त्रिकोणाशीं जुळवून नातवानें तो नुसता ठेवला. तो आपल्या वजनानेंच आंत बसला, बोटानें दाबावें लागलें नाहीं. वर उगाळलेल्या गंधासारखी पांढरी पेस्ट वाटाण्याएवढी, त्यावर पंखा. या नव्याच्या पोटांत चित्र काढण्याची सोय नाहीं, जुन्यांत होती. म्हणजे मामांचें कार्ड बिघडलें तर पडदा काळा. हा एक उणेपणा मला अजून खटकतो.

त्या रात्रीं खेळ अडखळला नाहीं. मीं पाहिला, मला कांहीं कळलें नाहीं, पण बंदुकीचा आवाज आणि धूर आतां एकाच वेळीं येत होते. पुढें २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या किमती भलत्याच चढल्या. मोठमोठीं कृत्रिम बुद्धीचीं केंद्रें जगभर उभीं राहूं लागलीं, आणि कारखान्यांतला माल तिकडे वळला. तेव्हां घरांतल्या जुन्या पट्ट्या ठेवल्या हें बरें झालें, असें बंधु चार लोकांत सांगूं लागले. जणूं बेत त्यांचाच होता. आम्हीं तसें म्हणूं दिलें.

निघालेला जुना प्रोसेसर नातवानें पेटींत घालून कपाटांत ठेवला होता. तो बंधूंनीं परवां मागून घेतला. त्यांच्या कचेरींत एक जुनें यंत्र आहे, त्याला बसविणार म्हणतात. त्या यंत्राचा बोर्ड कोणता, हें त्यांनीं अद्याप कोणास विचारलेलें नाहीं.